दोन गिलासांचं फिल्टर

मुकुंदरावांच्या प्रत्येक सदऱ्याला उजव्या बाजूला एक खोल खिसा असतो आणि तो गिलासाच्या मापाने शिवलेला असतो. कापड घेऊन शिंप्याकडे जाताना ते गिलास बरोबर नेतात. शिंपी आधी त्यांची छाती मोजतो, मग गिलासाचा घेर. नवा सदरा अंगात घातल्यावर ते आरशात बघत नाहीत. गिलास खिशात टाकतात, एकदा बसून उठतात आणि म्हणतात, "बराबर हाय. पडत न्हाई."

आमच्या माजलगावात लोकांच्या खिशात मोबाइल असतो, तंबाखूची डबी असते, आणि माणूस पुढारी असेल तर आणखी चार माणसं असतात. स्टीलचा गिलास फक्त मुकुंदरावांच्या खिशात. चालताना तो किल्ल्यांवर आपटून वाजतो, त्यामुळे आमच्या गल्लीत मुकुंदराव दिसण्याआधी ऐकू येतात. लोकांनी त्यांचं नाव गिलासराव ठेवलं आहे. त्यांना ते माहीत आहे. "नाव ठिवलं तर ठिवलं," ते म्हणतात, "पण धातूचं ठिवलं."

मी त्यांचा शेजारी. मोंढ्यात, म्हणजे इथल्या धान्यबाजारात, एका आडत दुकानावर मुनीमकी करण्यात माझं आयुष्य गेलं. गल्लीत मला सगळे नाना म्हणतात, वयाने मोठे असूनही मुकुंदराव नानाच म्हणतात. त्यांच्याबद्दल गावात एक गोष्ट पसरलेली आहे आणि ती साफ खोटी आहे. ती खोटी आहे हे माझ्याइतक्या खात्रीने दुसरं कुणी सांगू शकणार नाही. कारण पुढे येईलच. आधी माणूस बघा.

मुकुंदराव साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. तरुणपणी इथेच जवळपास नोकरी केली, मग कर्नाटकातल्या एका कारखान्यावर गेले आणि निवृत्त होऊन परत आले. येताना लोक कर्नाटकातून साड्या आणतात. मुकुंदरावांनी कॉफी आणली. कॉफी म्हणजे दुधात चमचाभर पूड हलवून पाहुण्याला देतात ती नव्हे. त्यांच्याकडे पितळेचं एक फिल्टर आहे, एकावर एक बसणारे दोन डबे. वरच्याच्या बुडाला सुईच्या टोकाएवढी भोकं. वर कॉफीची पूड दाबून भरायची, उकळतं पाणी ओतायचं आणि गप्प बसायचं. काळा अर्क थेंबाथेंबाने खाली उतरत राहतो. हे सगळं होईपर्यंत माझ्या घरी चहा होतो, पिऊन होतो आणि कपबशा पालथ्या घालून होतात.

"मुकुंदराव, इतका वेळ का लागतो याला?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"कारण आत कुणी ढकलायला न्हाई," ते म्हणाले. "आपल्या आपण यायलंय ते."

मला खरं तर कॉफी आवडत नाही. पण बायको गेल्यापासून मुकुंदराव एकटे, मुलगी मंजू पुण्यात. शेजारधर्म म्हणून मी रोज सकाळी जाऊन एक गिलास कॉफी पिऊन येतो. आपण त्यांच्यावर उपकार करतो आहोत अशी माझी अनेक वर्षं समजूत होती.

तर प्लास्टिक. चार-पाच वर्षांपूर्वी कधीतरी मुकुंदरावांनी अचानक ठरवलं की गरम वस्तूला प्लास्टिकचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. का ठरवलं, ते कुणालाच सांगितलं नाही. पहिल्यांदा चहाची गाळणी गेली, तिच्या जागी पितळेची जाळी आली. मग कॉफीच्या पुडीचा डबा गेला आणि पूड लोणच्याच्या चिनी मातीच्या बरणीत राहायला गेली. तिला अजून थोडा आंब्याचा वास येतो, पण मुकुंदराव म्हणतात तो मोकळ्या हवेचा आहे. दुधाची पिशवी बंद झाली आणि चरवी घेऊन येणारा गवळी लागला. मुकुंदराव त्याला रोज चरवीत वाकून बघायला लावतात आणि विचारतात, "आत प्लास्टिकचं माप तर न्हाई ना टाकलं?" गवळी म्हणतो, "न्हाई मालक, निस्तं पाणी टाकलंय."

पाण्याचा प्रश्न मोठा होता. आमच्याकडे धरण उशाला असूनही पिण्याचं पाणी जारमधून येतं, नळाचं पाणी प्लास्टिकच्या नळीतून येतं आणि नळ आला नाही तर टँकरचं पाणी प्लास्टिकच्या टाकीत पडतं. मी म्हटलं, आता अडकला गडी. पण मुकुंदरावांकडे याचंही शास्त्र होतं.

"थंड्याला माफी हाय, नाना. थंडं असलं की प्लास्टिक निजल्यालं असतं. उकळतं पडलं की उठतं अन् अंग झाडतं. त्याचा भुगा डोळ्याला दिसत न्हाई, पण पोटात जातो." मग ते बोट वर करत. "गरम वस्तूची अन् प्लास्टिकची सोयरीक होणे न्हाई. दिसली तिथं मोडायची."

आणि ते मोडत सुटले. मोंढ्याच्या तोंडाशी खंडूचं हॉटेल आहे. तिथून हमालांसाठी, दुकानांसाठी चहाचं पार्सल जातं. पार्सल म्हणजे पातळ पिशवीत उकळता चहा, वर रबर. मुकुंदराव ती पिशवी उजेडाकडे धरून उभे राहायचे.

"खंडू, हे काय हाय?"

"चा हाय, काका."

"मला वाटलं सलाइन हाय. कुणाला लावायलास?"

"काका, मोंढ्यातली माणसं पंधरा वर्सं झालं पितेत. मेलं का कुणी?"

"मेल्यालं माणूस तुझ्या हॉटेलात तक्रार करायला येईल का?"

खंडूने शेवटी एक अॅल्युमिनियमची किटली घेतली. ती मुकुंदरावांना दिसेल अशी पुढे टांगली आणि पिशव्या गल्ल्याखाली सरकवल्या.

कागदी कप निघाले तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तरी काका शांत होतील. कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मंडपात चहा फिरत होता. मुकुंदरावांनी रिकामा कप घेतला, पाण्यात भिजत ठेवला आणि भाषण ऐकत बसले. पुढारी विकासावर आले तेव्हा यांनी कपाचा कागद हळूच सोलला. आतून कांद्याच्या पापुद्र्यासारखा एक पातळ पडदा निघाला. तो दोन बोटांत धरून ते उभे राहिले आणि मंडपाला दाखवत म्हणाले, "बगा. कागदानं आतून प्लास्टिकचं बनियन घातलंय!" निम्मा मंडप आपापल्या कपात बोटं घालून बघायला लागला. पुढाऱ्याला वाटलं, लोक त्याच्या भाषणाने विचारात पडले.

मंजूने त्यांना कॉफीचं विजेचं यंत्र पाठवलं होतं. ते यायच्या आधी तिला फोनवर विचारून झालं होतं, पाणी कशातून जातं, कशावर पडतं. "अण्णा, महागाचं आहे," ती म्हणाली. महाग होतं, पण उकळतं पाणी प्लास्टिकच्या नरसाळ्यातून जात होतं. मुकुंदरावांनी त्याचं काचेचं भांडं काढून घेतलं आणि बाकी यंत्र ओसरीच्या वळचणीला टांगलं. तिथे आता चिमण्या राहतात. "त्यांचं सगळं थंड असतं," ते म्हणाले.

खिशातला गिलास हा या सगळ्याचा कळस. बाहेर कुठे चहा-कॉफी प्यायची वेळ आली की ते गिलास काढत आणि पुढे करत. एवढंच. आणि इथे मी येतो.

एकदा खंडूच्या हॉटेलात आम्ही चार जुने लोक बसलो होतो. मुकुंदराव आपल्या गिलासात चहा घेऊन नुकतेच उठून गेले होते. तलवाड्याचा एक शेतकरी माल विकायला आलेला, त्याने विचारलं, "हे काका सोताचा गिलास घेऊन कावून हिंडायलेत?"

खरं उत्तर लांबलचक होतं. त्यात भुगा होता, उकळतं पाणी होतं. मला एका वाक्यात हशा हवा होता. मी म्हटलं, "सोवळं हाय त्यांचं. कर्नाटकातून घेऊन आलेत. दुसऱ्याच्या कपाला तोंड लावलं की घरी जाऊन अंघोळ करतेत."

हशा झाला. तलवाड्याचा माणूस हसला नाही. त्याने मान हलवली आणि म्हणाला, "आजूकबी असतेत का असले लोक?"

तिथेच मी सांगायला हवं होतं. पण हशा नुकताच मिळाला होता, तो परत करवला नाही.

गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली, कारण ती लोकांना पटली. आमच्याकडे प्लास्टिकला घाबरणारा माणूस कुणी पाहिलेला नव्हता. वेगळा गिलास ठेवणारे मात्र सगळ्यांनी पाहिले होते. खंडू त्यांच्या गिलासात लांबून, वरून चहा ओतायला लागला. काही घरांतून बोलावणं बंद झालं. मुकुंदरावांना यातलं काही कळत नसावं असं मला वाटायचं. उलट ते खुशीत म्हणायचे, "खंडू सुधारला बरं का. आता धार लांबून सोडतो, चहा निवतो."

मी कॉफीचा घोट घ्यायचो आणि फिल्टरकडे बघायचो.

गेल्या वर्षी मंजूला दिवस गेले. लग्नाला बरीच वर्षं झालेली, मधे दोनदा निराशा झालेली. मुकुंदरावांनी मला बातमी सांगितली तेव्हा आवाज इतका खाली होता, की जणू मोठ्याने बोललं तर ती परत जाईल. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण तिच्या सासरचे म्हणाले, आई नाही तर कसलं माहेर? तिथे बाळंतिणीला बघणार कोण? म्हाताऱ्या बापाला अंघोळ घालता येते का बाळाला?

"मंजूला यायचंय," मुकुंदराव म्हणाले. "डागदरनं दिवसाला एक लहान गिलास कॉफी मंजूर केलीय तिला. ती म्हणती, अण्णा, तुमच्याच हातची पेईन." मग ते बरणीचं झाकण उगाच काढून परत लावत राहिले. "पैल्यांदा तसं झालं तवा ती फोनवर रडताना म्हणली, काय खाल्लं, कशात पेलं, सगळं आठवत बसते. डागदर म्हणला तुझी चूक न्हाई. पण ती आठवत बसायची. गरम प्लास्टिकचं तिनंच कुठंतरी वाचल्यालं. मी म्हणलं, ती इथं येईल तवा घरात एक भांडं असं नसावं की तिला इचार करावा लागंल."

मी चार-पाच वर्षं ज्या वेडावर हसत होतो, ते वेड म्हणजे हे होतं. हा माणूस एवढे दिवस घर धुऊन-पुसून मुलीची वाट बघत होता.

"आता फकस्त गयाबाई पायजे," ते म्हणाले. "ती हो म्हणली की सासरचे गप. नाना, तुमी जाऊन इचारा."

गयाबाई म्हणजे माजलगावच्या निम्म्या लोकांना पायांवर घेऊन अंघोळ घातलेली बाई. बाळाची मालिश, बाळंतिणीचा शेक, खाणंपिणं, सगळं तिच्या हाती द्यावं आणि बाकीच्यांनी दाराबाहेर बसावं. मंजूलाही तिनेच न्हाऊ घातलं होतं. मला वाटलं, ही तर घरचीच बाई. उठेल आणि येईल.

ती तिच्या वस्तीतल्या घरासमोर शेंगा फोडत बसली होती. मी सांगितलं. ती शेंगा फोडत राहिली.

"न्हाई जमायचं."

"का हो? तब्येत..."

"तब्येतीला काय धाड भरली? आमच्या हाताचं त्यांना चालंल का? सोवळं हाय म्हणतेत त्यांचं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "माझ्या लहानपणी लोकं आमच्यासाठी येगळा कप वळचणीला खोचून ठिवायचे. ते गेलं म्हणलं एकदाचं. आता सोताचाच येगळा कप खिशात घालून हिंडायलेत. म्या त्यांच्या लेकीला न्हाऊ घातलं तवा हाच माणूस हितं, या उंबऱ्यावर बसून माझ्या कपात चहा पेलाय. आन् आता?"

खंडूच्या हॉटेलात ज्या शब्दाने हशा झाला होता, तो शब्द या उंबऱ्यावर हसण्याचा नव्हता. मी म्हटलं, "गयाबाई, ते खोटं आहे. गैरसमज आहे." कुणी पसरवला, एवढं सोडून सगळं म्हटलं.

"गैरसमज हाय ना? मग त्यांनाच धाडा. माझ्या हातचा चहा पिऊ द्या, तवा बगू."

दुसऱ्या दिवशी मी मुकुंदरावांना घेऊन निघालो. गयाबाईला तुम्हाला भेटायचं आहे, एवढंच सांगितलं.

"तिथं चहा होईल," मी म्हटलं.

"होऊ द्या की."

"नाही म्हणू नका."

"न्हाई कशाला म्हणतो? गिलास हाय की खिशात."

"आजच्या दिवस तो घरी राहू द्या ना."

"नाना, उद्या म्हणाल चष्मा घरी ठिवा."

वस्तीपर्यंत तो गिलास माझ्या शेजारी खणखण वाजत होता.

गयाबाईने सतरंजी टाकली होती. चूल पेटलेली होती. ती मुकुंदरावांशी नीट बोलली, मंजूचं विचारलं, कितवा महिना, पाय सुजतात का. पण नजर त्यांच्या खिशावर. चहा उकळला. मग तिने कोनाड्यातून एक नवं कोरं पुडकं काढलं, आमच्यासमोर दाताने फाडलं आणि त्यातून पांढरे, पातळ प्लास्टिकचे कप काढले.

"मुद्दाम आणलेत तुमच्यासाठी," ती म्हणाली. "कोरे हायेत. कुणाचंच तोंड लागल्यालं न्हाई."

तिने चुलीवरचं पातेलं उचललं आणि उकळता चहा त्या कपात ओतला. कप कंबरेत वाकला. ती तो धरून उभी राहिली.

मुकुंदरावांनी कपाकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. त्यांचा हात खिशात गेला आणि आतला गिलास किल्ल्यांवर एकदा वाजला. गयाबाईचा चेहरा दगडासारखा झाला.

हात बाहेर आला, त्यात रुमाल होता. मुकुंदरावांनी कपाळ पुसलं, दोन्ही हात पुढे करून तो वाकलेला कप घेतला आणि प्यायला लागले. फुंकर न मारता, न थांबता, तळापर्यंत. मग कप परत पुढे केला.

"आजूक हाय का, गयाबाई? लई दिवसांनी पेलो तुमच्या हातचा."

तिने दुसऱ्यांदा ओतला. तोही त्यांनी संपवला. गयाबाई खाली बसली, पदराने चेहरा पुसला आणि पातेल्यात डोकावत म्हणाली, "साखर जरा कमीच पडली का?"

"न्हाई. बराबर हाय."

"पोरगी कवा येणार म्हणलाव?"

परतताना मी विचारलं, "चव लागली का प्लास्टिकची?"

"लागली की."

"मग दुसरा कप कशाला घेतला?"

"पैला तिनं बगण्यासाठी दिल्ता," ते म्हणाले. "दुसरा पिण्यासाठी." थोडं चालून म्हणाले, "एखादी सोयरीक जमवून घ्यावी लागती, नाना."

मंजू आली. मुलगी झाली. त्या घरात दोन महिने गयाबाईचं राज्य होतं. बाळाच्या गरम पाण्यासाठी तिने पहिल्याच दिवशी आपला लाल प्लास्टिकचा टब आणला, आणि मुकुंदरावांनी तो मुकाट्याने उचलून अंगणात थंड पाणी भरायला ठेवला आणि माळ्यावरचं तांब्याचं घंगाळ खाली काढलं. गयाबाई ओरडली, "आता म्या ह्या वयात घंगाळ उचलू का?" घंगाळ ते उचलायचे. त्या भांडणातच त्यांनी तिला भुग्याचं सगळं शास्त्र सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अरं बापा! तरी पेलाव? दोन दोन कप?" दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्या खिशातल्या गिलासातच कॉफी प्यायला लागली. काढा म्हणून नावं ठेवत, पण रोज.

मग मंजू बाळाला घेऊन पुण्याला गेली. त्याच्या दुसऱ्या सकाळी मी गेलो. घर पुन्हा पहिल्यासारखं शांत होतं. दोरीवर एक दुपटं राहिलं होतं. मुकुंदराव फिल्टरसमोर बसले होते, थेंब उतरत होते. मला आता बोलल्याशिवाय राहवेना.

"मुकुंदराव, ते सोवळ्याचं जे गावात पसरलं होतं ना..."

"तुमी पसरवलं. माहितीय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशीपासून. खंडूनं सांगितलं. गयाबाईलाबी आता मीच सांगितलं. ती म्हणली, त्या नानाला एकदा लहान करून माझ्या पायावर द्या." ते दुधाची धार एका गिलासातून दुसऱ्यात सोडत होते, नजर फेसावर होती.

"मग इतके दिवस मला बोलला का नाहीत? भांडायचं तरी."

"भांडलो असतो तर तुमी यायचं बंद केलं असतं."

त्यांनी भरलेला गिलास माझ्यापुढे सरकवला आणि दुसरा स्वतःपुढे घेतला.

"हे फिल्टर दोन गिलासांचं हाय, नाना. एकट्यापुरती पूड टाकली तर पाणी नुसतंच खाली पळतं."